दुसरीतला मुलगा आणि आठवड्याचे चार क्लास

प्रश्न : आमचा मुलगा दुसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. आम्ही चिंचवडला राहतो. मंगळवारी आणि गुरुवारी अबॅकस, सोमवारी आणि शुक्रवारी फोनिक्स, शनिवारी रोबोटिक्स आणि रविवारी सकाळी तबला असं त्याचं वेळापत्रक आहे. सगळं मिळून महिन्याला साडेसात हजार रुपये जातात. अबॅकसच्या बाई म्हणतात, यानं एकाग्रता वाढते, मेंदूच्या दोन्ही बाजू काम करायला लागतात. रोबोटिक्सवाले म्हणतात, लॉजिक तयार होतं. घरी मात्र मला तसं काही दिसत नाही. गृहपाठाला बसला की पूर्वीसारखीच चुळबुळ. सासरे म्हणतात, पैसे पाण्यात चाललेत. जाऊबाईंची मुलगी शिवाय बुद्धिबळालाही जाते, आणि त्यांचं म्हणणं, आत्ता पाया पक्का झाला नाही तर पुढे जड जातं. त्यात सोसायटीच्या ग्रुपवर नवीन क्लासची जाहिरात आलीय, तिथे म्हणे मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतात. मला एवढंच विचारायचंय की या क्लासांमध्ये मुलं नेमकं शिकतात काय? आणि एखादा बंद केला तर माझा मुलगा मागे पडेल का?
– एक आई, चिंचवड

उत्तर :

फी किती, लेव्हल किती, सर्टिफिकेट कुणाचं, हे सगळे पालक विचारतात. मूल तिथे नेमकं काय शिकतं, हे विचारणारे फार कमी. तुम्ही ते विचारलंत म्हणून एकेका क्लासबद्दल सविस्तर लिहिते. पट्टीवाल्याचं आधी, कारण ते लवकर आटपेल.

त्या क्लासला मुलाला पाठवू नका. फुकट असला तरी नको. पट्टी कितीही घट्ट बांधली तरी नाकाच्या दोन्ही कडांना बारीक फट राहते आणि मूल तिथून खाली बघतं. म्हणूनच अशा प्रात्यक्षिकात पुस्तक नेहमी छातीजवळ, खालच्या बाजूला धरलेलं असतं. तेच पुस्तक कपाळाच्या वर धरा किंवा ती फट नीट बुजवा, वाचन तिथल्या तिथे थांबतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे कार्यकर्ते वर्षानुवर्षं हे सांगत आलेत. पैसे जातात त्याचं मला फार वाटत नाही. पण आपण फटीतून बघतोय हे त्या मुलाला पक्कं ठाऊक असतं, आणि समोर आई-बाबा कौतुकानं टाळ्या वाजवत असतात. सात वर्षांच्या मुलाला यातून खोटं निभावून न्यायची सवय लागते. एवढं कारण मला पुरेसं आहे.

आता अबॅकस. हा खरा विषय आहे आणि त्यात खरं शिकण्यासारखं आहे. तुमच्या मुलाचं टूल, म्हणजे ती मण्यांची चौकट, एकदा हातात घेऊन बघा. प्रत्येक काडीवर आडव्या पट्टीच्या वर एक मणी, त्याची किंमत पाच. खाली चार मणी, प्रत्येकाची एक. समजा 8 मध्ये 7 मिळवायचे आहेत. एककाच्या काडीवर वरचा मणी खाली आलेला आहे आणि खालचे तीन मणी वर गेलेले आहेत, म्हणजे आठ. सात मिळवायला मणीच उरले नाहीत. मग मुलं काय करतात? सातचा ‘बिग फ्रेंड’, म्हणजे सातचे दहा करायला लागणारा आकडा, तीन. दशकाच्या काडीवर एक मणी चढवायचा आणि एककातून तीन काढायचे. झाले पंधरा. सराव झाला की बोटं हे विचार न करता करायला लागतात, आणि पुढे पुढे टूल नसतानाही डोळ्यांसमोर मणी हलतात. टेबलावर हवेत बोटं नाचवत मुलं भराभर उत्तरं सांगतात ती याच्याच जोरावर. ते कसब खरं आहे, त्यात हातचलाखी काही नाही.

पण आज संध्याकाळी त्याला शांतपणे एक प्रश्न विचारा. “सात मिळवायचे होते ना, मग तू तीन काढलेस का?” तो म्हणाला, “बाईंनी सांगितलंय, फॉर्म्युला आहे,” तर त्याची बोटं शिकलीत, तो अजून शिकायचाय. आणि तो म्हणाला, “मी दहा दिले ना, तीन जास्त झाले, म्हणून परत घेतले,” तर त्या क्लासमध्ये गणित शिकवलं जातंय, बाईंना माझा नमस्कार सांगा. दोन्ही मुलं वेगात सारखीच असू शकतात, सर्टिफिकेटही सारखंच मिळेल. शाळेत हातच्याची वजाबाकी आली की मात्र फरक दिसतो.

राहिलं एकाग्रतेचं. मेंदूच्या दोन्ही बाजू आपल्या सगळ्यांच्या आधीपासूनच काम करतात, त्यासाठी क्लास लागत नाही. अबॅकसनं स्मरणशक्ती, एकाग्रता वगैरे वाढते का याचा एक चांगला अभ्यास आपल्या शेजारीच, गुजरातमध्ये वडोदऱ्याला झाला आणि 2016 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या विद्यापीठांतले संशोधक होते. एका शाळेतल्या सुमारे 200 लहान मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला तीन वर्षं अबॅकस, दुसऱ्याला तेवढाच वेळ नेहमीच्या पद्धतीचं जादा गणित. तीन वर्षांनी अबॅकसवाली मुलं आकडेमोडीत पुढे होती. म्हणजे त्या वेळेचं चीज झालं. पण लक्षात ठेवण्याची क्षमता, मन एकाग्र ठेवण्याची क्षमता तपासली तेव्हा दोन गटांत फरक दिसला नाही. शिवाय अबॅकसचा फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही. ज्या मुलांना मुळातच डोळ्यांसमोर चित्र धरून ठेवता येत होतं, त्यांना तो जास्त झाला.

तुमच्या मनातली अर्धी काळजी इथेच सुटावी असं मला वाटतं. तुम्ही घरी एकाग्रता शोधताय आणि ती दिसत नाही म्हणून मुलात किंवा क्लासमध्ये काहीतरी कमी आहे असं तुम्हाला वाटतंय. अबॅकसनं आकडेमोड येते. पोहायला शिकलेल्या मुलाला सायकल आपोआप येत नाही, आणि त्याबद्दल आपण पोहण्याला दोषही देत नाही. चुळबुळीचं म्हणाल, तर शाळेत अख्खा दिवस बसून आलेलं सात वर्षांचं मूल पुन्हा एका खुर्चीत, मग दुसऱ्या खुर्चीत बसवलं तर चुळबुळणारच. त्याच्या शरीराला धावायचं असतं.

एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही, याचं याहून ठसठशीत उदाहरण 2025 साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आलं. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांना तपासलं. पाऊण किलो हे, सव्वा किलो ते, नोट एवढ्याची, परत किती, हे सगळं ती मुलं बहुतेक वेळा कागदाशिवाय बिनचूक करत होती. तीच मुलं शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या वजाबाकी-भागाकाराला अडत होती. आणि शाळेत जाणारी मुलं कागदावरच्या गणितात पुढे, पण बाजाराचा हिशोब समोर ठेवला की गडबडत. कुणीच ढ नव्हतं. दोन शिक्षणांच्या मधला पूल कुणी बांधून दिलेला नव्हता.

हा पूल क्लासमध्ये सहसा बांधला जात नाही. तिथे लेव्हल संपवायची असते. तो घरी बांधता येतो, आणि तुमच्या घरी त्यासाठी आजोबा आहेत! शंभराची नोट नातवाच्या हातात देऊन त्याला मंडईत न्यावं. अर्धा किलो भेंडी, पाव किलो मिरची, कोथिंबिरीची जुडी. पैसे त्यानं द्यायचे, परत किती यायला हवेत ते आधी त्यानं सांगायचं आणि मगच भाजीवाल्या मावशींनी द्यायचे. चुकला तर मागे रांग लागेल, लागू दे. हे आठवड्यातून एकदा झालं तरी अबॅकसच्या मण्यांना काहीतरी अर्थ येईल.

फोनिक्सबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित अपेक्षित नसेल. चारही क्लासांत याची गरज सगळ्यात लवकर संपते, पण गरज असते तेव्हा ती खरी असते. इंग्रजीत अक्षरं 26 आणि ध्वनी 44च्या आसपास, त्यामुळे अक्षराच्या नावावरून शब्द वाचता येत नाही. आपल्या मुलांना घरात देवनागरीची सवय. क म्हटलं की क, फसवाफसवी नाही. इंग्रजीत मात्र ‘सी’ कधी क होतो, कधी स होतो, ‘एच’शी जोडी झाली की च. हे ध्वनी सुटे करून, मग जोडून शब्द वाचायला शिकवणं म्हणजे फोनिक्स, आणि वाचनाची सुरुवात करून द्यायला ही पद्धत चांगली आहे. इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिलीच्या मुलांची याच कौशल्याची चाचणी घेतात.

पण फोनिक्सनं शब्द उच्चारता येतो, शब्दाचा अर्थ कळत नाही. ज्या घरात इंग्रजी बोललं जात नाही तिथलं मूल अख्खं पान घडाघडा वाचून दाखवतं आणि गोष्टीत काय झालं विचारलं तर गप्प बसतं. तुमच्या मुलाला त्यानं कधीच न पाहिलेलं, दुसरीच्या पातळीचं एक इंग्रजी पान द्या. अडखळत का होईना, शब्द जुळवत वाचत असेल तर क्लासचं काम झालं. पुढचं काम गोष्टींचं आहे, आणि त्या गोष्टी मराठीतसुद्धा असू देत. रोज रात्री पंधरा मिनिटं तुम्ही मराठी गोष्ट वाचून दाखवलीत तर त्याला कथा धरून ठेवता येईल, पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येईल, नवीन शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून लावता येईल. ही समज दोन्ही भाषांना उपयोगी पडते. माझ्या मते दुसरीतल्या मुलासाठी याहून मोलाचं काही नाही.

रोबोटिक्सच्या क्लासबद्दल बोलण्याआधी तुम्ही तिथे एक शनिवार दाराशी उभं राहून बघा. बाहेर सोफ्यावर बसून मोबाईल बघू नका, आत बघा. चित्रं असलेली पुस्तिका, किटमधले तुकडे, मोटर, बॅटरी. मुलं पायरी एक, पायरी दोन करत गाडी जोडतात. शेवटची दहा मिनिटं राहिली की गाडी चालत नाही, आणि मग सर येतात, खटकन काहीतरी करतात, गाडी चालते, फोटो निघतो, फोटो पालकांच्या ग्रुपवर जातो. असं चालत असेल तर मूल तिथे सूचना बघून तुकडे जोडायला शिकतं. बोटांना वळण लागतं, तेवढा उपयोग आहेच. पण लॉजिकचं शिकणं नेमकं त्या शेवटच्या दहा मिनिटांत असतं. गाडी उलटी का जातेय? बॅटरीच्या तारा अदलाबदल करून बघितल्या तर? सर खिशात हात घालून उभे राहिले आणि “तुला काय वाटतं?” एवढंच म्हणाले, मुलानं दोनदा चुकून तिसऱ्यांदा तारा बदलल्या आणि चाकं पुढे फिरली, तर त्या क्लासला मी पूर्ण गुण देईन. मग फोटोत गाडी अर्धवट असली तरी चालेल.

आणि हे शिकायला महागडं किटच हवं असं नाही. तुमच्या भागातले लोक जुन्या टेल्कोला, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सला, चांगले ओळखतात. आयआयटी कानपूरहून इंजिनिअर झालेले अरविंद गुप्ता तिथे नोकरीला होते. 1970च्या दशकात रजा काढून ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून आकार जोडायची खेळणी तयार केली. चार काड्यांचा चौकोन हातात धरून दाबला की कलंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. सात वर्षांच्या मुलाला हे बोटांना कळतं, आणि मग तो रस्त्यावरून जाताना मोबाईल टॉवरमध्ये त्रिकोण शोधायला लागतो. गुप्ता पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं होते, 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांच्या छोट्या फिल्म्स मराठीतूनही इंटरनेटवर मोफत आहेत. एका शनिवारी वडिलांना मुलाबरोबर जमिनीवर बसवा. काड्यांचा गुल आधी काढून टाका, एवढी काळजी घ्या.

तबला हा चौघांत वेगळा आहे आणि तुम्ही पत्रात त्याबद्दल तक्रारीचं एक अक्षरही लिहिलेलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. तीनतालाच्या सोळा मात्रा असतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात नुसता हलवायचा. मूल हे हातावर धरायला शिकतं तेव्हा ते एक अवघड गोष्ट शिकत असतं. घाई न करता थांबायची. ‘धा धिं धिं धा’ म्हणताना कुणालाही वेग वाढवावासा वाटतो, मुलांना तर फारच. गुरुजी लय धरून असतात आणि मुलाला त्या लयीत राहून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं असतं. शेजारचा मुलगा दुप्पट करत असला तरी आपली मात्रा सोडायची नाही. हे ऐकण्याचं शिक्षण आहे, आणि शाळेत ते कुठे मिळत नाही. तबल्यानं गणित सुधारतं असं तुम्हाला कुणी सांगेल, त्याकडे लक्ष देऊ नका. तबल्यानं तबला येतो, आणि तेवढ्यासाठी तो शिकावा इतकी ती मोठी विद्या आहे.

एक मात्र करा. परीक्षेची घाई नको. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांची वाट नीट आखलेली आहे आणि त्यामागे 1901 साली लाहोरला विद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांची परंपरा आहे, मला तिचा आदर आहे. पण दोन ताल आणि चार कायदे (तबल्याच्या बोलांच्या बांधीव रचना) परीक्षेपुरते घोकून घेतलेली मुलं नंतर डग्ग्याला हात लावत नाहीत, असं फार होतं. पहिली दोन वर्षं नुसतं वाजवू दे. घरात कुणी अभंग म्हणत असेल तर त्याला ठेका धरू दे.

बुद्धिबळाचं एका परिच्छेदात सांगते, कारण तुमच्या मुलाला त्याची ओढ आहे असं पत्रात कुठे नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 साली महिला विश्वचषक जिंकल्यापासून सगळीकडे क्लास भरलेत, आणि ते छानच झालं. पण बुद्धिबळानं अभ्यास सुधारतो का, हे इंग्लंडमधल्या 100 शाळांमध्ये तपासलं होतं. 2016च्या अहवालानुसार, वर्षभर बुद्धिबळ शिकलेल्या मुलांचं गणित त्यानंतरच्या वर्षी इतरांपेक्षा चांगलं झालेलं नव्हतं. जाऊबाईंच्या मुलीला खेळ आवडत असेल तर तिनं जरूर खेळावं, हरल्यावर हात मिळवून पुन्हा पट मांडायला शिकणं ही छोटी गोष्ट नाही. तुमच्या मुलानं मात्र गणितासाठी तिथे जायचं कारण नाही.

आता मागे पडण्याची भीती. दुसरीच्या मुलाला काय यायला हवं हे ठरलेलं आहे. केंद्र सरकारच्या 2021च्या निपुण भारत कार्यक्रमात ते लिहून ठेवलंय. दुसरीच्या अखेरीला 999 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, 99 पर्यंतची वजाबाकी करता यावी, आणि वयाला साजेसा नवा मजकूर मिनिटाला साधारण 45 ते 60 शब्दांच्या वेगानं, अर्थ समजून वाचता यावा. एवढंच. एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरीच खेळीमेळीत बघा. जमत असेल तर तो कुठेही मागे नाही, क्लास असो वा नसो. वाचनात किंवा वजाबाकीत अडत असेल तर शाळेतल्या बाईंना आधी भेटा, कारण अशा वेळी त्याला त्या ठरावीक जागी हात द्यावा लागतो आणि पाचवा क्लास ते करत नाही.

मला विचाराल तर मी काय करेन? तबला ठेवेन. फोनिक्स नवीन पान वाचता आलं की थांबवेन. रोबोटिक्सचं दाराशी उभं राहून बघितल्यावर ठरवेन, सर खिशात हात घालणारे निघाले तर चालू, नाहीतर टर्म संपली की बंद. अबॅकसचा निर्णय त्या “तीन का काढलेस” वाल्या उत्तरावर आणि आणखी एका गोष्टीवर सोडेन. अबॅकसला रोजचा सराव लागतो, पंधरा-वीस मिनिटं. त्यासाठी रोज आरडाओरडा करावा लागत असेल तर त्या वेगाची त्याला आज गरज नाही. जे उरेल त्यात आठवड्याच्या किमान तीन संध्याकाळी पूर्ण रिकाम्या हव्यात. रिकाम्या म्हणजे खाली मैदानात, मुलांमध्ये, मोठ्यांच्या सूचनांशिवाय. लगोरी खेळताना कोण आऊट यावर तावातावानं भांडून, स्वतःच तोडगा काढून पुन्हा खेळायला लागणं मुलं तिथेच शिकतात.

मुलालाही विचारा, पण “क्लास आवडतो का?” असं नको. त्याला कळतं तुम्हाला कोणतं उत्तर हवंय. “आज कुठे अडलं?” असं विचारा. जिथलं तो भरभरून सांगेल तिथे त्याचं डोकं चालतंय. ज्या क्लासमध्ये कधीच काही अडत नाही तिथे एकतर फार सोपं चाललंय किंवा त्याचं लक्षच नाही.

आणि बंद करताना ते नीट करा. “तुला जमत नव्हतं म्हणून काढलं” हे वाक्य त्याच्या कानावर पडता कामा नये, फोनवर जाऊबाईंशी बोलतानासुद्धा नाही. लेव्हलच्या मध्येच नको, ती पुरी होऊ दे. त्याला घेऊन बाईंना भेटा, त्यानं स्वतः आभार मानावेत, आणि घरी संध्याकाळ मोकळी हवी म्हणून थांबतोय हे खरं कारण सांगा. टूल आणि पुस्तकं लगेच कुणाला देऊन टाकू नका. त्याच्या हाताला येतील अशा फळीवर ठेवा. दोन-तीन महिन्यांत त्यानं ती आपणहून काढली तर पुन्हा जाता येईल, कुठलाही क्लास आठ वर्षांच्या मुलाला वय झालं म्हणून परत पाठवत नाही.